सरांना चार्ट वाचून दाखवताना

दूध संस्था बंद पडली तेव्हा मी तिची सचिव होते. लिंबागणेशच्या पुढे, डोंगराला टेकून आमचं गाव आहे. संस्था म्हणजे शाळेच्या भिंतीला लागून एक पत्र्याची खोली, एक काटा, फॅट काढायचं मशीन आणि सकाळ-संध्याकाळ किटल्या घेऊन येणारी माणसं. सलग दुसरा पावसाळा कोरडा गेला. आधी चारा संपला, मग पाणी. किटल्या हलक्या होत गेल्या, रांग आखूड होत गेली. चारा छावणी सुरू झाली तशी गावातली जनावरं तिकडे गेली आणि जनावरांच्या मागे माणसंही गेली. माझी आई आमच्या दोन म्हशी घेऊन छावणीत राहायला गेली, भाऊ तिच्यासोबत गेला. घराला कुलूप लागलं. दुधाची गाडी फाट्यावरून आत यायची थांबली. एका संध्याकाळी मी खोली उघडली, मशीन पुसलं, दारात बसून राहिले आणि एकही माणूस आला नाही. दुसऱ्या दिवशी चेअरमनच्या घरी किल्ली देऊन आले.

माझं लग्न झालं होतं आणि मोडलंही होतं. त्यामुळे माहेरच्या घराला कुलूप लागल्यावर जायला दुसरं घर नव्हतं. मावशी अंबाजोगाईच्या सरकारी दवाखान्यात सिस्टर होती. तिने फोनवर एवढंच सांगितलं की कपडे घेऊन ये, इथं काहीतरी बघू. मी गेले.

काम मावशीनेच शोधलं. डोळ्यांच्या ओपीडीत एक निवृत्त प्राध्यापक यायचे. कॉलेजात त्यांनी आयुष्यभर वनस्पतिशास्त्र शिकवलं होतं. काचबिंदूने त्यांचा एक डोळा पूर्ण गेला होता, दुसऱ्याने उजेड आहे की अंधार एवढंच कळायचं. बायको वारली होती, मुलगी पुण्यात होती, सकाळी एक बाई येऊन स्वयंपाक करून जायची. त्यांना दिवसभर वाचून दाखवणारं माणूस हवं होतं. मावशीला वाटलं पेपर वाचायचा असेल. मलाही तसंच वाटलं.

पहिल्या दिवशी सरांनी विचारलं की याआधी काय करत होतात. दूध संस्थेची सचिव होते म्हटल्यावर ते खुर्चीत जरा पुढे सरकले. म्हणाले, "म्हणजे आकडे मोठ्याने म्हणायची सवय असेल."

ती होती. मशीनवर फॅट आलं की ते मोठ्याने म्हणावं लागतं. समोरच्याला ऐकू गेलं नाही तर त्याला वाटतं आपल्याला फसवलं. सर म्हणाले, मग झालं, उद्यापासून या. त्या दिवसापासून ते मला सचिवबाई म्हणू लागले. पुढे अहो-जाहो गेलं, अगं-तुगं आलं, पण सचिवबाई राहिलं.

वाचायचं होतं ते पेपरात नव्हतं. टेबलावर एक मोठा स्क्रीन होता, त्यावर शेअर बाजारातल्या एका कंपनीचा चार्ट. वर लाल-हिरव्या उभ्या कांड्या, खाली लहानमोठ्या पट्ट्या. सरांनी निवृत्तीनंतर हा नाद लावून घेतला होता. सकाळी बाजार उघडला की बसायचं, दुपारी बंद व्हायच्या आत घेतलेलं सगळं विकून मोकळं व्हायचं. रात्रभर काही ठेवायचं नाही. दिसत होतं तोवर ते एकटेच करायचे. आता त्यांना माझे डोळे हवे होते.

ते म्हणाले, "व्हॉल्यूम बघ." मी टेबलाखाली वाकून स्पीकर शोधायला लागले. काय चाललंय हे त्यांना आवाजावरून कळलं आणि ते हसले. बायको गेल्यापासून ते असं मोठ्याने हसले नव्हते असं त्यांनीच नंतर कधीतरी सांगितलं. मग समजावलं. वरची प्रत्येक कांडी म्हणजे पाच मिनिटं. त्या पाच मिनिटांत भाव कुठे सुरू झाला, कुठे संपला, वर कुठवर गेला, खाली कुठवर आला, एवढं ती कांडी सांगते; भाव चढला तर हिरवी, उतरला तर लाल. खालची पट्टी म्हणजे त्याच पाच मिनिटांत किती शेअर एका हातातून दुसऱ्या हातात गेले. त्याला व्हॉल्यूम म्हणतात.

मग त्यांनी मला विचारलं, तुमच्या गावात कोणी म्हटलं की दुधाचा भाव वाढला, तर तू ते कधी खरं मानायचीस?

मी म्हटलं, "वाढीव भावाने सगळ्यांचं दूध घेतलं तर. एकाचंच घेतलं तर तो चेअरमनचा भाचा असणार."

"मग तुला शिकवण्यासारखं फार काही नाही," सर म्हणाले.

तसं नव्हतं. शिकायला पुष्कळ होतं आणि मी पुष्कळ दिवस चुकत राहिले. मला वाटायचं भाव वाढला की वाढला म्हणायचं. मी "वाढला" म्हटलं की ते विचारायचे, किती मालावर? व्हॉल्यूमला ते माल म्हणायचे, मग मीही म्हणू लागले. कांडीच्या जाड भागाला आम्ही अंग म्हणायचो, वर निघालेल्या रेषेला शेंडी, खालच्या रेषेला शेपूट. हे शब्द कुठल्या पुस्तकात नव्हते. घाईत बोलताना जे तोंडात बसलं ते राहिलं. महिनाभरात मी असं बोलू लागले, "लाल, अंग लांब, शेपूट नाही, माल सकाळपासूनचा सगळ्यात मोठा." सर डोळे मिटून ऐकायचे आणि मान हलवायचे. कधी म्हणायचे, थांब, मागच्या दोन पुन्हा सांग. मी पुन्हा सांगायची.

हळूहळू मला कळू लागलं की ते काय शोधत असतात. भाव चढत चालला आहे पण दर पाच मिनिटांना माल कमी होत चालला आहे, तर ते पुढे जात नसत. वर बोलावणारे आहेत पण येणारे नाहीत, असं म्हणायचे. कधी एखाद्या पाच मिनिटांत खालची पट्टी अचानक उंच व्हायची आणि वरची कांडी मात्र बोटाच्या पेराएवढीही नसायची. एवढा माल गेला, तरी भाव जागचा हलला नाही. अशा वेळी ते खुर्चीत सरळ बसायचे. कोणीतरी समोरून सगळं घेतंय, किंवा कोणीतरी सगळं देतंय. कोण ते आपल्याला कळणार नाही, पण इथे एक भिंत आहे, असं म्हणायचे. त्यांना सगळ्यात आवडायचं ते वेगळंच. भाव भरपूर मालावर वर जायचा, मग थकल्यासारखा थोडा खाली यायचा, आणि खाली येताना माल आटत जायचा. म्हणजे विकायला कोणी फारसं उत्सुक नाही. त्यानंतर पहिली हिरवी कांडी जरा मोठ्या मालाने आली की ते म्हणायचे, "घे." मी बटण दाबायची. लगेच तोट्याची मर्यादाही लावायची, म्हणजे भाव तेवढा खाली आला की शेअर आपोआप विकला जातो. ती लावल्याशिवाय ते पाण्याच्या पेल्याला हात लावत नसत.

बऱ्याच दिवशी ते काहीच घेत नसत. सकाळपासून बाजार बंद होईपर्यंत मी बोलत राहायची, ते ऐकत राहायचे, आणि शेवटी म्हणायचे, आज काही नाही. सुरुवातीला मला याचं नवल वाटायचं. काही करायचंच नसेल तर माणूस एवढा वेळ का बसतो? नंतर विचारायचं सोडून दिलं. मीही बसतच होते की.

दुपारी बाजार मंदावायचा. खालच्या पट्ट्या इतक्या बुटक्या व्हायच्या की वाचण्यासारखं काही उरायचं नाही. तेव्हा आम्ही जेवायचो. आधी मी डबा घेऊन व्हरांड्यात बसायची. एक दिवस सर म्हणाले, तू बाहेर जेवतेस तर मला एकट्याला ताटात काय आहे ते कोण सांगणार. तेव्हापासून एकाच टेबलावर. आम्ही बौद्ध, हे त्यांना पहिल्या दिवसापासून माहीत होतं. त्यावर ते कधी काही बोलले नाहीत. आवर्जून चांगलंही बोलले नाहीत, आणि मला तेच बरं वाटलं. जेवताना ते मला खिडकीबाहेरच्या झाडांचं विचारायचे. कडुलिंबाला नवी पालवी आहे का, बाभळीला शेंगा आल्या का. मी म्हणायची, पाणी नाही तरी कडुलिंब हिरवा आहे. मग ते सांगायचे की त्याची मुळं कुठवर जातात, आणि पळस पानं का टाकून देतो. त्या वेळी त्यांचा आवाज वेगळा असायचा. वर्गात ते कसे बोलत असतील हे मला तेव्हा ऐकायला मिळायचं.

चार्टचं एक दुखणं होतं. मी एकेक कांडी सांगायची, ती त्यांच्या डोक्यात बसायची, पण पूर्ण दिवसाचा आकार त्यांना मिळायचा नाही. हे त्यांनी तक्रार म्हणून सांगितलं नाही, सहज बोलून गेले. मी घरी जाऊन विचार केला. दुसऱ्या दिवशी बाजार बंद झाल्यावर त्यांच्या पलंगावरची घोंगडी टेबलावर अंथरली आणि तिच्यावर काडेपेटीतल्या काड्या मांडल्या. जिथे भाव वर तिथे काडी वर, जिथे खाली तिथे खाली, अंग लहान असेल तर काडी मोडून. प्रत्येक काडीखाली ज्वारीचे दाणे, मालाप्रमाणे कमी-जास्त. घोंगडीवर काड्या घसरत नव्हत्या. मग त्यांचा हात धरून डाव्या टोकाला ठेवला.

त्यांनी फार वेळ घेतला. बोटं काडीवरून काडीवर जात होती, खाली दाण्यांवर उतरत होती, परत वर येत होती. मध्येच एका जागी थांबले.

"इथे माल एवढा वाढला होता आणि भाव हलला नव्हता?"

मी म्हटलं, सांगितलं होतं की सर. ते म्हणाले, हो, सांगितलं होतंस. पण बाकीच्यासारखंच सांगितलंस. त्यानंतर मी अशा जागी आवाज खाली आणून, सावकाश सांगायला शिकले. काड्यांचा हा उद्योग आमचा रोजचा झाला. बाजार संपल्यावर मला घरी जाता आलं असतं, पण मला घाई नव्हती.

कारण घर उरलं नव्हतं. मावशीची बदली दुसऱ्या जिल्ह्यात झाली आणि तिचं क्वार्टर सोडावं लागलं. खोली बघायला फिरले. दोन ठिकाणी आडनाव विचारलं आणि मग सांगितलं की खोली आधीच कोणाला तरी बोललेली आहे. शेवटी गावाच्या कडेला एका वस्तीत एक खोली मिळाली, वर पत्रा, शेजारी मालकीण. धरण कोरडं पडलं होतं, नळ नावाला होते. टँकर यायचा तो बहुतेक बाजार चालू असतानाच. मालकीण माझे हंडे भरून ठेवायची आणि त्याबद्दल मला बरंच ऐकवायची. तिचं ते बोलणं सोडलं तर सरांच्या घराबाहेर माझ्याशी कोणी बोलत नव्हतं. अख्ख्या दिवसात मी जे काही बोलायची ते सगळं लाल, हिरवं, अंग, शेंडी आणि माल.

रविवार कठीण जायचा. महिन्यातून एखाद्या रविवारी छावणीवर जायची. साड्या आणि पोती बांधून केलेल्या आडोशाखाली आई राहायची, पुढ्यात दोन म्हशी, त्यांच्यापुढे उसाचे वाढे. पहिल्यांदा गेले तेव्हा तिने मला वरपासून खालपर्यंत बघितलं आणि म्हणाली, "कावून इतकी वाळलीस गं?" मी कामाचं सांगितलं. तिने ऐकून घेतलं. मग म्हणाली, "म्हंजी दिसभर टीवी बघती अन् म्हाताऱ्याला सांगती. असंच न्हवं?"

मी म्हटलं, असंच.

"मग बरं हाय," ती म्हणाली आणि म्हशीच्या पाठीवर पाण्याचा ओला हात फिरवू लागली. मला तिला आणखी पुष्कळ सांगायचं होतं. काड्यांचं, दाण्यांचं, सर कसे थांबतात त्याचं. पण ते कुठून सुरू करावं ते कळेना. एसटीत बसल्यावर वाटलं, सरांना आईचं सांगता येतं, आईला सरांचं सांगता येत नाही.

उन्हाळ्याच्या शेवटी ती सकाळ आली. यंदा पाऊस चांगला होणार असं भाकीत आलं होतं आणि ट्रॅक्टर बनवणाऱ्या एका कंपनीचा शेअर उघडतानाच उंच उघडला. थोड्या वेळाने सकाळचा सगळ्यात वरचा भाव ओलांडून तो आणखी वर निघाला. मी वाचत होते. प्रत्येक कांडी हिरवी आणि प्रत्येक कांडीखालचा माल आधीपेक्षा कमी. सरांनी अशा जागेवर कधीच काही घेतलं नव्हतं, म्हणून मी निवांत होते.

"घे," सर म्हणाले.

मला वाटलं त्यांना नीट ऐकू आलं नाही. मी म्हटलं, "सर, माल नाही. कमी होत चाललाय."

"ऐकलं मी. घे."

मी घेतलं. तोट्याची मर्यादा लावायला लागले तर म्हणाले, राहू दे. भाव जरा वर गेला, मग एक कांडी आली, तिला लांब शेंडी होती आणि अंग नव्हतंच. मी आवाज खाली आणून सांगितलं. ते म्हणाले, थांब. पुढची लाल आली, माल दिवसातला सगळ्यात मोठा. थांब. त्याच्या पुढचीही लाल. पैसे त्यांचे होते, पण वाचत मी होते, आणि जे वाचत होते ते ऐकणारं माणूस समोर नसल्यासारखं वाटत होतं. शेवटी ते म्हणाले, "काढ." मी काढलं, तोट्यातच.

स्क्रीनवर बाजार चालू होता, मी वाचत नव्हते आणि ते वाच म्हणत नव्हते. मग त्यांनी सांगितलं. सकाळी मुलीचा फोन आला होता. घराला गिऱ्हाईक मिळालं होतं. महिनाअखेरीला ती न्यायला येणार होती. या पाण्याच्या हालात, डोळे नसताना, इथे एकटं राहायचं नाही, असं तिचं म्हणणं होतं, आणि त्यात चुकीचं काही नव्हतं.

"तिला दाखवायचं होतं की माझं अजून चालतं," ते म्हणाले.

मी उठून चहा ठेवला. बाजार बंद झाला तेव्हा मी घोंगडीला हात लावला नाही, पण त्यांनीच सांगितलं, आजचंही मांड. मी मांडलं. त्यांची बोटं चढत्या काड्यांवरून गेली, मग खाली कमी कमी होत गेलेल्या दाण्यांवर आली आणि तिथेच राहिली. मी पिशवी उचलून निघाले तरी हात तिथेच होता.

मुलगी आली. मला तिच्याबद्दल मनात राग धरायचा होता, पण ती राग धरण्यासारखी नव्हती. माझ्याच वयाची, थकलेली, दोन दिवस सामान बांधत होती. एकदा माझे हात हातात घेऊन म्हणाली की तुम्ही होतात म्हणून मी इतके दिवस निर्धास्त होते. टेबलावरची घोंगडी झटकायला तिने उचलली तेव्हा काड्या आणि ज्वारी खाली पडली. हे काय, तिने विचारलं. सर खुर्चीतून म्हणाले, "सचिवबाईंचं काहीतरी असेल, राहू दे." मी केर काढला.

स्क्रीन आणि कॉम्प्युटर त्यांनी मला दिला. रिक्षात घालून मी तो खोलीवर आणला. ठरलं असं की बाजाराच्या वेळेत मी इथून वाचायचं आणि त्यांनी पुण्यात फोनवर ऐकायचं. पहिले काही आठवडे तसं झालं. बाजार उघडायच्या आधीच त्यांचा फोन यायचा. मागे नातवाचा आवाज, लिफ्टचा आवाज, कुकरच्या शिट्ट्या. आधी टँकरचं विचारायचे, मग म्हणायचे, हं, सांग. सौदे त्यांनी बंद केले होते, फक्त ऐकायचे. मला ते चालत होतं. मी खोलीत एकटी असले तरी माझ्या बोलण्याला दुसरं टोक होतं.

मग ते विसरू लागले. सांगितलेली कांडी पुन्हा विचारायचे, मी सांगितल्यावर तिसऱ्यांदा विचारायचे. कधी आदल्या दिवशीचा भाव आजचा धरून बसायचे आणि माझ्यावर चिडायचे, की तू नीट वाचत नाहीस. त्यांनी माझ्यावर आवाज चढवण्याची ती पहिलीच वेळ होती. एका संध्याकाळी मुलीचा फोन आला. ती संकोचून बोलत होती. बाबांची चिडचिड वाढते, दिवसभर अस्वस्थ राहतात, डॉक्टर म्हणाले या गोष्टींपासून लांब ठेवा. तुम्ही रविवारी फोन करत जा ना, त्यांना तुमची आठवण येते.

मी रविवारी फोन केला. रविवारी बाजार बंद. मी विचारलं, जेवण झालं का. झालं, म्हणाले. त्यांनी विचारलं, पाणी आलं का. आलं, म्हटलं. मग मला त्यांच्या श्वासाचा आवाज येत होता. एवढे महिने आम्ही रोज कित्येक तास बोललो होतो, आणि आता वाचायला समोर काही नव्हतं तर आम्हाला एक वाक्य सापडत नव्हतं. मी झाडांचं काढून बघितलं. मी राहते तिथे झाडं नाहीत, हे मला बोलता बोलता लक्षात आलं. पुढच्या रविवारीही तसंच झालं. त्यानंतर फोन कमी होत गेले आणि थांबले. कोणी कोणाला तोडलं नाही.

मी स्वतःच्या नावाचं सौद्यांचं एक छोटं खातं काढलं होतं. काही महिने त्यावर प्रयत्न केला. मी मनातल्या मनात चार्ट वाचायची तेव्हा मला हवं ते सगळीकडे दिसायचं. प्रत्येक हिरव्या कांडीत काहीतरी सुरू होतंय असं वाटायचं, माल आहे की नाही हे बघायच्या आतच हात बटणावर जायचा. म्हणून मी मोठ्याने वाचू लागले. लाल, अंग लहान, माल आटलेला. मोठ्याने म्हटलं की खोटं म्हणता येत नाही. एकदा मालकीण दारात येऊन उभी राहिली आणि विचारलं, कोणाशी बोलता? मी म्हटलं, कोणाशी नाही. तिने खोलीत नजर फिरवली, स्क्रीन बघितला, आणि गेली. त्यानंतर हंड्यांवरून मला बोलायची ती बंद झाली. मला वाटतं तिला माझी कीव आली. तिच्या बोलण्यापेक्षा ते जास्त जड गेलं.

त्या खात्यातून मी श्रीमंत झाले नाही आणि बुडालेही नाही. कळायला लागलं होतं, पण कळून घेतलेलं कोणाला सांगायचं नसेल तर त्याचं काय करायचं हे मला कळत नव्हतं. भाव भिंतीला लागून थांबलेला दिसायचा, पुढे मी म्हटलं तसं व्हायचं, आणि मी मान वळवून बघायची. खोलीत हंडे होते.

त्या वर्षी उशिरा का होईना, पाऊस झाला. छावणी उठली. आई एकच म्हैस घेऊन घरी आली, दुसरी छावणीतच दगावली होती. गावातल्या बायकांनी मिळून संस्था पुन्हा सुरू करायचं ठरवलं. नवी चेअरमन बाई स्वतः आईकडे येऊन म्हणाली की पोरीला बोलवा, मशीन दुसऱ्या कोणाला येत नाही. मी गेले. पत्र्याची खोली तीच होती. काट्याला गंज चढला होता तो काढला. सकाळचं दूध, संध्याकाळचं दूध, आणि मधल्या वेळात मी आईच्या ओट्यावर बसून फोनवर चार्ट बघायची. घेत काही नव्हते, नुसती बघायची. आई विचारायची, आता कोणाला सांगायचं नाही तर कावून बघतीस? मी म्हणायची, सवय लागली.

सर गेल्याचं मला त्यांच्या मुलीकडून कळलं, तेही सगळे विधी झाल्यावर. तिने माफी मागितली, म्हणाली गडबडीत राहून गेलं. शेवटी ते फारसं कोणाला ओळखत नव्हते, असं म्हणाली. झोपेत गेले. मी तिला तिच्या तब्येतीचं विचारलं, मुलाचं विचारलं, आणि फोन ठेवला. दुपार होती, बाजार चालू होता. आई शेतात गेली होती. मी ओट्यावर बसून विचार करत होते की हे कोणाला सांगायचं. मावशीला सांगता आलं असतं, पण तिने त्यांना दोन-तीनदा ओपीडीत पाहिलं होतं तेवढंच. गावात सरांचं नाव कोणी ऐकलं नव्हतं. मी त्यांची कोणी नव्हते. ते गेले म्हणून माझ्याकडे कोणी भेटायला येणार नव्हतं.

संध्याकाळी संस्था उघडली. बायका आल्या, दूध मोजलं, मी फॅट मोठ्याने म्हणत गेले. धनगरवाड्याकडची एक म्हातारी नेहमी सगळ्यांच्या शेवटी येते. तिची किटली घेतली, काट्यावर ठेवली, नमुना काढला, मशीनमध्ये घातला आणि आलेला आकडा माझ्या तोंडातून बाहेर येईना.

"काय झालं गं माय?" तिने विचारलं.

मी म्हटलं, "काही न्हाई. एक ओळखीचे होते, ते गेले."

"लई जवळचे व्हते?"

मग मी हो म्हटलं.

तिने पुढे काही विचारलं नाही. कोण, कुठले, काय लागत होते, काही नाही. तिची किटली रिकामी झाली होती, अंधार पडायच्या आत तिला वाड्यावर पोचायचं होतं. ती किटली खाली ठेवून माझ्याशेजारी उंबऱ्यावर बसली. दुधाची गाडी फाट्यावरून वळून आमच्या दारात येईपर्यंत ती तिथेच बसून होती. मग उठली, लुगड्याची धूळ झटकली आणि गेली.